तुझ्या घोरण्याची नक्कल

तुमच्या घरातली जी बाई ताटावर बसल्या बसल्या पेंगते, ती रात्री खरंच झोपते का, हे तुमच्यापैकी कुणी कधी बघितलंय?

अक्का, तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत मला सगळ्यात जास्त राग आला असेल तर एका वाक्याचा. आष्ट्याच्या तुझ्या घरी जो येत होता तो उंबऱ्यातच ते वाक्य उतरवत होता. "झोपेत गेली. पुण्यवान." चपला काढायच्या, दाजींच्या खांद्यावर हात ठेवायचा, आणि हे म्हणायचं. मी कोपऱ्यात बसून दात आवळत होते. चाळिसाव्या वर्षी मरण्यात कसलं पुण्य?

पण खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी ते वाक्य ऐकून मला तुझा हेवाही वाटला. लोक देवाकडे मागतात तसलं मरण, तेही तुझ्याच वाट्याला. तिथंही तू माझ्या पुढं. तुझ्या मातीला आलेल्या बायका बघून तर मी आतून जळत होते. तुला मूलबाळ नाही, म्हणून मागं रडायला कोण, असं कुणीतरी कुजबुजलं आणि तेवढ्यात अख्खी आळी आत आली. भाजीवाली म्हणाली, "माझी अक्का गेली." पेन्शनचा अर्ज तू भरून दिलेली म्हातारी म्हणाली, "माझी अक्का." मला उठून सांगावंसं वाटत होतं की बायांनो, ही माझी अक्का आहे, मी एक वर्षाची असताना ही आमच्या घरी आली, तुम्ही रांगेत मागं उभ्या राहा. तुझ्यावर हक्क सांगायला जावं तर तिथं नेहमीच गर्दी असायची.

तुझे वडील फौजेत, सारख्या बदल्या, म्हणून तुला शिकायला आमच्याकडे वाईला ठेवलं. तू बाबांची पुतणी आणि मी मुलगी, असा साधा हिशेब होता. पण बाबांचा छापखाना आणि तू यांचं जे जमलं ते माझं कधी जमलं नाही. आमच्या घरात वाढदिवसाला शुभेच्छा नसायच्या, पत्रक असायचं. पाण्यावरचं, हुंड्यावरचं, अंगात येणाऱ्या बायांवरचं. मी मुळाक्षरं गिरवली ती वाया गेलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूला. माझं नावसुद्धा बाबांनी पत्रकातून उचलल्यासारखं ठेवलं. शाळेत क्रांती म्हटलं की मुलं मूठ वर करायची. तू एकटीच अशी होतीस की त्या नावाचा सगळा माज एका हाकेत उतरवायचीस. "क्रांते, जरा च्या ठेव."

बाबांचा नियम तुला आठवतो, तुला तो माझ्याआधी पाठ झाला होता. पत्रक प्रश्नानं उघडायचं आणि कामानं मिटवायचं. वाचणाऱ्याच्या हातात काम दिलं नाही तर तो कागद रद्दी. मी काहीही लिहून नेलं की बाबा चष्मा न लावताच विचारायचे, "अक्काला दाखवलंस का?" मी नाही म्हटलं तर ते कागद तसाच परत द्यायचे. मग मी तुझ्यासमोर उभी. तू लाल पेन्सिल कानामागून काढायचीस, वाचायचीस, आणि तोंडातल्या तोंडात हसायचीस.

"लय मोठं लिवलंयस गं. समाज हाय, व्यवस्था हाय, इतिहासबी हाय. ह्यात माणूस कुटं हाय?"

मी पाय आपटत निघून जायचे. परत येऊन बघायचे तर तू माझ्या अर्ध्या पानाची चार वाक्यं केलेली असायची, आणि ती चार माझ्या अर्ध्या पानापेक्षा चांगली असायची. आठवीत असताना मी शाळेतल्या मुलींच्या संडासावर पत्रक लिहिलं. त्याची पहिली ओळ होती, "स्वच्छतागृहांचा प्रश्न ऐरणीवर आला आहे." तू ती खोडलीस आणि लिहिलंस, "आमच्या शाळेतल्या मुली पाणी का पीत नाहीत?" ते पत्रक वाईत इतकं वाचलं गेलं की संडासांची कुलपं निघाली आणि नळ बसले. बाबांनी मला जवळ घेतलं. म्हणाले, "काय ओळ लिहिलीस पोरी!" तू छपाईच्या यंत्रापाशी कागद मोजत होतीस. ते कौतुक सरळ मला देऊन टाकलंस, आणि वर बघितलंही नाहीस. ओळ तुझी आहे, हे मी सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी माझं कौतुक केलं, आणि ते तुझ्या ओळीचं होतं. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे, आणि त्याबद्दलच मी तुला कधी माफ केलं नव्हतं.

आणि तुझी झोप. तिचा हेवा मला सगळ्यात जास्त. मी लहानपणापासून अर्ध्या झोपेची. डोक्यात वाक्यं फिरतात, उशी गरम होते. तू मात्र हाक मारल्यासारखी झोपेला बोलवायचीस. वाईहून तुझ्या सासरी, आष्ट्याला निघालो की सातारा यायच्या आधी तुझी मान माझ्या खांद्यावर. कऱ्हाडला कंडक्टर ओरडो, फेरीवाले खिडक्या वाजवोत, तू हलायची नाहीस. मी उसानं भरलेल्या गाड्या मोजत बसायचे आणि मनात म्हणायचे, देवानं हिला वाक्यंही दिली आणि झोपही दिली. मला काय दिलं? खिडकी.

लग्नानंतर तू आष्ट्याला गेलीस. दाजींची पिठाची गिरणी. तिच्या कट्ट्यावर तू टेबल मांडलंस आणि दळण होईपर्यंत बायकांचे अर्ज लिहून द्यायला लागलीस. रेशनकार्ड, पेन्शन, शाळेचा दाखला. गिरणीच्या आवाजानं दाजींचे कान अधू झालेले. लोक म्हणायचे, गिरणीवाल्याला ऐकू येत नाही आणि त्याच्या बायकोला न सांगता ऐकू येतं. हे वाक्यही मला माझ्याबद्दल हवं होतं.

आता शिरवळ. हे मी आजवर कुणाला असं सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. हायवेच्या कडेचं कार्यालय. जेवणं झाल्यावर बायकांनी वरच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या आणि आडव्या झाल्या. तू माझ्या शेजारी उताणी पडलीस आणि डोळे मिटायच्या आत घोरायला लागलीस. मला झोप नव्हतीच. मी कोपरावर डोकं टेकून तुझ्याकडे बघत राहिले. आधी नुसतं घर्र घर्र. मग एकाएकी सगळं बंद. छाती वरखाली होत होती, पोट ओढलं जात होतं, पण नाकातोंडातून वाराच जात नव्हता. मी वाट बघतेय, बघतेय. मग तुला अंगभर एक हिसका बसला, विहिरीत तळाला गेलेला माणूस वर आल्यावर जसा श्वास ओढतो तसा तू ओढलास, आणि पुन्हा घर्र घर्र. तू जागी झाली नाहीस. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी अर्धा तास हे बघितलं, अक्का. बारकाईनं बघितलं. तुझ्यात एक तरी गोष्ट ओबडधोबड सापडली, याचा मला आनंद झाला होता.

चार वाजता चहा आला. मी सगळ्या बायकांसमोर सतरंजीवर उताणी पडले आणि तुझी नक्कल केली. घर्र, घर्र. मग थांबले. श्वास धरला. पोट ओढून दाखवलं. बायका पेले हातात धरून टक लावून बघायला लागल्या. मामी म्हणाली, "अगं बाई, गेली का काय?" तेवढ्यात मी तो हिसका दिला, खॉक करून श्वास ओढला, आणि खोली हसण्यानं फुटली. कुणाचा तरी चहा सतरंजीवर सांडला. "परत कर गं, परत कर!" मी परत केली. तिसऱ्यांदा केली तेव्हा तू दारात उभी होतीस, तोंड धुऊन आलेली, पदरानं हनुवटी पुसत.

तू सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलीस. म्हणालीस, "लाइट गेली की ह्यांची गिरणी अशीच थांबती बगा. आन आली की पैलं खाकरती!"

बायका लोळायच्या बाकी राहिल्या. आणि मी तिथं सतरंजीवर पडल्या पडल्या काय विचार करत होते? की माझ्या नकलेवरसुद्धा हिचंच वाक्य भारी पडलं.

नंतर हात धुवायच्या नळापाशी तू मला गाठलंस. आवाज खाली करून विचारलंस, "क्रांते, खरंच आसं करती व्हय गं मी?"

"ह्याहून वाईट," मी म्हणाले. आणि हसले.

तू नळ बंद केलास. एवढंच. त्यानंतर तू आमच्या घरी एकदाही मुक्काम केला नाहीस. सकाळच्या गाडीनं यायचीस, बाबांना भेटायचीस, दिवेलागणीच्या आत निघायचीस. बाबा म्हणायचे, पोरीला आता संसार सुटत नाही. मीही तेच म्हणायचे. आष्ट्यातही तू तुझं अंथरूण गिरणीमागच्या पोत्यांच्या खोलीत हलवलंस, हे मला दाजींकडून आता कळलं. "मला म्हनली, तुमची झोप मोडती," ते म्हणाले. "आवं, मला बहिऱ्याला काय ऐकू येतंय? पर तिनं ऐकलं न्हाई."

त्यांना ऐकू येत नव्हतं. ज्या एका माणसाला सगळं ऐकू गेलं होतं, तिनं त्याचा खेळ करून टाकला होता.

आपलं शेवटचं भांडण अजून मिटलेलं नाही. दिवाळी झाल्यावर मी आष्ट्याला आले होते. तू कट्ट्यावर बसली होतीस, पुढ्यात कुणाचा तरी अर्ज, आणि हातात पेन धरून तू झोपली होतीस. पेनाची रेघ "माननीय तहसीलदार" पासून निघून खाली कागदाच्या कडेपर्यंत घसरत गेली होती. मी हाक मारली. तू दचकलीस, ती रेघ बघितलीस आणि दुसरा कागद घेतलास. म्हणालीस, आज हा तिसरा.

मग तू मला सांगितलंस की आपण दोघी मिळून बायकांच्या दमणुकीवर पत्रक काढू. सकाळी उठल्यावर डोकं दुखतं, दिवसभर डोळे मिटतात, बोलता बोलता शब्द हरवतो, भाजी करपते. आळीतल्या आणखी दोघीतिघी असंच म्हणतात. मी तुला वाक्य पुरं करू दिलं नाही. माझ्याकडे भाषण तयार होतं. दमणूक हे लक्षण आहे, अक्का, कारण काम आहे. बाईच्या कामाला मोल नाही, तिला विसावा नाही, म्हणून ती दमते. दमणुकीवर पत्रक काढणं म्हणजे मूळ सोडून पानावर औषध मारणं. मी किती वेळ बोलले कोण जाणे. तू ऐकून घेतलंस.

"तुजं खरं हाय," तू म्हणालीस. "पर काम काय मला आज न्हाई. धा वर्सं झाली, तेवढंच काम करती. दमाय आत्ता लागलीया."

"तेच तर! तुला सवय लावलीय सगळ्यांनी."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. "क्रांते, तुज्याकडं उत्तर आधी असतं गं. प्रश्न मागनं येतो."

वाक्य इतकं चांगलं होतं की मला त्याचा हेवा वाटला. बसमध्ये बसल्यावर मी ते वहीत उतरवून घेतलं. कधीतरी वापरता येईल म्हणून. ते माझ्याबद्दल होतं, हे मी ऐकलंच नाही.

आणि त्याच दुपारी, मी निघताना, तू चपला शोधत असल्यासारखं करत विचारलंस, "आता रोज गोळी घेती झोपंची. डाक्टरनं दिल्यात. गोळी घेतली की घोरणं जातं का गं?"

मी म्हणाले, "जात असेल. गाढ झोप लागल्यावर कशाला कोण घोरेल?"

पाण्यावर एक ओळ छापायची तर तीन माणसांना विचारून घेणारी मी. आकडा चुकला म्हणून छापलेला गठ्ठा जाळणारी मी. तुला दिलेलं उत्तर मी कुठंही तपासलं नव्हतं. मला गाडी पकडायची होती.

तू गेलीस तेव्हा तुला सर्दी झाली होती. सर्दीच्या औषधानं आधीच गुंगी, वर नेहमीची झोपेची गोळी. दाजी सकाळी चहा घेऊन गेले. पुढचं त्यांना सांगता येत नाही, आणि मी त्यांना विचारत नाही. एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणतात, "मला वाटायचं, गोळीनं तरी तिला आराम पडतोय. उठवायला नगं."

अकराव्या दिवशी मी गोळ्यांचं पाकीट आणि तुझी फाईल उचलली आणि आष्ट्यातल्या त्या डॉक्टरांकडे गेले. भांडायला गेले होते, अक्का. पत्रकाची पहिली ओळ रस्त्यातच तयार झाली होती. "झोप मागायला आलेल्या बाईला तुम्ही काय दिलंत?" ओळ चांगली होती. तुलाही आवडली असती. डॉक्टर वयानं माझ्याएवढेच. मी पाकीट त्यांच्या टेबलावर आपटलं. ते चिडले नाहीत. त्यांनी तुझं नाव शोधलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. झोप लागत नाही, रात्रीत सारखी जाग येते, दिवसा थकवा. गोळी पंधरा दिवसांसाठी. पुढं वर्षभर ती जुन्याच चिठ्ठीवर दुकानातून मिळत राहिली होती.

"मी त्यांना विचारलं होतं, घोरता का म्हणून," ते म्हणाले. "हे बघा, इथं लिहिलंय. नाही म्हणाल्या."

मी तो शब्द बघत राहिले. तुझं नाही. तू कधी खोटं बोलायची नाहीस. तहसीलदाराच्या तोंडावर खरं बोलणारी बाई एका तरण्या डॉक्टरसमोर खोटं बोलली, कारण बाईमाणूस घोरतं हे सांगायची तिला लाज वाटली. ती लाज तुला जन्मतः नव्हती. ती शिरवळला, चार वाजता, चहाबरोबर दिलेली होती.

"घोरायच्या का त्या?" डॉक्टरांनी मला विचारलं. "मध्ये श्वास थांबल्यासारखा व्हायचा का? सांगता येईल तुम्हाला?"

मला सांगता येईना. शब्दच सुचेनात, मला, जिला आजवर फक्त शब्दच सुचले. मग मी खुर्चीत मान मागं टाकली, डोळे मिटले आणि नक्कल केली. घर्र, घर्र. थांबले. श्वास धरला. पोट ओढलं. बाहेर कुणीतरी खोकत होतं. मग तो हिसका दिला.

डोळे उघडले तर डॉक्टर हसत नव्हते. ते म्हणाले, "हे मला कुणी आधी करून दाखवलं असतं तर."

मग त्यांनी समजावलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही माणसांची श्वासाची वाट त्यामुळे मिटूनच जाते. शरीराला हवा कमी पडली की मेंदू दचकतो, माणसाला अर्धवट उठवतो, वाट उघडते. एका रात्रीत असं पुन्हा पुन्हा होतं. माणसाला वाटतं मी झोपलो, नाहीतर वाटतं झोपच लागत नाही. सकाळी डोकं दुखतं आणि दिवसभर डोळे मिटतात. असल्या माणसाला झोपेची गोळी दिली, तर काही गोळ्या ते स्नायू आणखी सैल करतात आणि मेंदूचा दचका उशिरा आणतात. त्यात गुंगीचं दुसरं औषध किंवा दारू पडली तर धोका आणखी वाढतो.

"त्यांना वाटत होतं, झोप मोडतेय," ते म्हणाले. "जगायचं म्हणून मोडत होती ती."

मी विचारलं, म्हणजे गोळीनं गेली? त्यांनी मान हलवली. "छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. तपासणी झाली नाही. हृदयाचंही असू शकतं. पण हे मला माहीत असतं, तर मी ही गोळी दिली नसती. सांगलीला पाठवलं असतं, झोपेची तपासणी करायला. श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र असतं, मास्क लावून झोपायचं. उपाय आहे याला. आणि माझंही चुकलं. नवऱ्याला बोलावून विचारायला हवं होतं."

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"मग ज्याला येतं त्याला."

मी उठले. माझं पत्रक टेबलावरच मेलं होतं. पहिली ओळ तयार असलेलं, आणि चुकीच्या माणसाला विचारलेलं.

त्या दिवशी दाजींनी मला तुझी अर्जांची पिशवी दिली. "तुला उपेगी पडंल," म्हणाले. लोकांचे अर्धे भरलेले अर्ज होते, ते मी भरून दिले. सगळ्यात खाली एक पाठकोरा कागद होता. बाबांच्याच छापखान्यातला, पाठीवर कुठल्या तरी जुन्या पत्रकाची पुसट छपाई. तुझ्या गोल अक्षरात वर लिहिलं होतं, दमणूक. मी नको म्हटलेलं पत्रक तू एकटीनं सुरू केलं होतंस. त्याची पहिली ओळ मी या पत्रकाच्या वर घातली आहे. वाचणाऱ्यांनो, ती माझी नाही, अक्काची आहे. मला तसली ओळ येत नाही.

ताटावर पेंगणारी बाई रात्री खरंच झोपते का, हे कुणी कधी बघितलंय? अक्का, मी बघितलं होतं. तू प्रश्न ज्या कुणाला विचारत होतीस, ती मीच होते. उत्तर माझ्याकडे दोन वर्षं पडून होतं, मी त्याच्यावर टाळ्या घेतल्या होत्या.

त्या ओळीखाली तू दोन छोटे परिच्छेद लिहिले आहेस. तुझं नाव न घेता तुझंच सगळं. करपलेली भाजी, हरवलेले शब्द, बसल्या जागी मिटणारे डोळे. मग कागदाच्या तळाशी, बाबांच्या नियमाप्रमाणे, "काम" असं लिहून तू पुढं दोन टिंबं दिली आहेस. त्यापुढं शब्द नाही. दुसऱ्या टिंबापासून पेनाची रेघ निघते आणि घसरत घसरत कडेला जाते.

बाबांना मी तो कागद दाखवला. त्यांनी या वेळी चष्मा लावला. बराच वेळ ती रेघ बघत राहिले. मी वाट बघत होते की आता म्हणतील, काय ओळ लिहिलीय अक्कानं. म्हणालेच. आणि मला पुन्हा, या वयात, तू नसताना, तसंच जळल्यासारखं झालं. मेलेल्या माणसाचा इतका हेवा करावा का? मी करते. तुझ्या ओळींचा करते, तुझ्या बायकांचा करते, बाबांच्या डोळ्यांत तुझ्यासाठी आलेल्या पाण्याचाही करते. फक्त तुझ्या झोपेचा आता करत नाही. ती झोप नव्हतीच. तू माझ्या खांद्यावर मान टाकून सातारा, कऱ्हाड, इस्लामपूर पार करायचीस तेव्हा तू रात्रभर बुडून वर आलेली असायचीस, आणि मी खिडकीतून गाड्या मोजत तुझ्या सुखावर जळत होते.

नळापाशी तू विचारलं होतंस, खरंच असं करते का मी. त्याचं उत्तर मी आज देते. हो, अक्का. तुझा श्वास थांबतो. मला भीती वाटली होती, पण भीतीपेक्षा मजा जास्त वाटली. चल, उद्या सकाळच्या गाडीनं डॉक्टरकडे जाऊ, मी येते बरोबर. हेच तीन शब्द, मी येते बरोबर, त्या दिवशी म्हणायचे राहिले.

बाबा म्हणाले, पत्रक पुरं कर. मी म्हणाले, अक्काला कुणी दाखवायचं? चष्मा काढून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, आणि लाल पेन्सिल.

तेव्हा पहिली ओळ तुझी. शेवटची मला लिहावी लागतेय. तू असतीस तर हिची निम्मी केली असतीस.

काम: तुमच्या घरात जे कुणी घोरतं आणि दिवसा पेंगतं, बाई असो की बाप्या, त्याच्या शेजारी एकदा जागे राहा आणि ऐका. आवाज मध्येच तुटतोय, श्वास थांबून हिसक्यानं परत येतोय असं वाटलं, तर मोबाइलवर तेवढं टिपून घ्या. घरात झोपेची गोळी चालू असेल तर तिचं पाकीट, आणि बाकी जी औषधं असतील तीही, बरोबर न्या. रोजची गोळी आपल्या मनानं एकदम तोडू नका, त्यातही धोका असतो. डॉक्टर सांगतील तशी कमी करा. शेजारणीला गुण आला म्हणून तिची गोळी घेऊ नका, आपली तिला देऊ नका. आणि त्या माणसाला एकटं पाठवू नका, ते 'घोरत नाही' म्हणून परत येईल. तुम्ही बरोबर जा. नक्कल करायचीच असेल, तर डॉक्टरांसमोर करा.